रिकाम्या बाजूची सर्व्हिस

माझ्या मामाला कारखान्यात सगळे 'वॉकओव्हर' म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, पाठीमागे म्हणायचे, आणि निवृत्तीच्या दिवशी तर मोठ्या साहेबांनीही भर भाषणात तेच म्हटलं. लोक हसले, मामाही हसला. मला मात्र राग आला, कारण त्या शब्दाचा अर्थ मामाला मीच सांगितला होता, तोही वयाच्या आठव्या वर्षी, डिक्शनरीत बोट ठेवून. समोरचा खेळाडू आलाच नाही म्हणून मिळालेला विजय. घाम नाही, धावपळ नाही, फुकटात जिंकलात, घरी जा.

वडील लवकर गेल्यामुळे आई आणि मी मामाकडेच राहायचो. मामी प्रेमळ होती पण जिभेची तिखट होती, आणि मी तिच्याच वळणावर गेले असं आई म्हणायची. मामा दोघींपुढे मूग गिळून बसायचा. तो मूळचा वाट बघणारा माणूस. सगळे बसल्याशिवाय ताटाला हात लावणार नाही. दार लावण्याआधी जिन्यात वाकून खाली बघणार. बस सुटताना ड्रायव्हरला ओरडून सांगणार की थांबा, कोणीतरी पळत येतंय. मागे वळून बघावं तर रस्त्यावर चिटपाखरू नसायचं आणि ड्रायव्हर आमच्याकडे रागानं बघत असायचा.

दुपारी चहा पिताना जिन्यावर पावलं वाजली की मामा कप तोंडाशी नेऊन तसाच थांबायचा. पावलं वर येत, आमच्या मजल्यावर येत, पुढे वरच्या मजल्यावर जात. मग तो घोट घ्यायचा. त्या दोन-चार क्षणांत त्याचा चेहरा पांढरा पडायचा. लहान असताना मला त्याची गंमत वाटे, थोडी मोठी झाल्यावर भीती वाटायला लागली.

"तुझ्या मामाच्या कानातच जिना बांधलाय," मामी म्हणायची.

मामाची नोकरी बाटल्यांच्या कारखान्यात, टाइम ऑफिसात. कामगारांनी खिडकीतून आपलं हजेरीचं कार्ड घ्यायचं, घड्याळाच्या यंत्रात घालून ठोकायचं आणि आत जायचं. भोंगा झाल्यावर दहा मिनिटांनी खिडकी बंद करणं हे मामाचं मुख्य काम, आणि तेच त्याला जमायचं नाही. गल्लीत एका माणसाच्या पळण्याचा आवाज येत असला तरी तो फळी खाली ओढायचा नाही. तीनदा लेखी ताकीद मिळाली. टाइम ऑफिसात बसून वेळ न पाळणारा जगातला हा एकमेव कारकून असेल. कामगार त्याच्यावर जीव टाकायचे, आणि चिडवायचेही तेच.

कारखान्याच्या गोदामावर, पहिल्या मजल्यावर, मनोरंजनाचा हॉल होता. त्यात एक टेबल टेनिसचं टेबल. सुट्टीच्या सकाळी मामा मला तिथे घेऊन जायचा. टेबलाचा अर्धा भाग उभा करून भिंतीसारखा करायचा आणि त्याच्याशी एकटाच खेळायचा. ठक ठक, ठक ठक, तासभर. कोणी बॅट घेऊन आलं तर हा घाम पुसत बाजूला व्हायचा, सांगायचा की माझं झालं, तुम्ही खेळा. मी त्याला माणसाशी खेळताना कधीच पाहिलं नाही. एकदा विचारलं तर म्हणाला, "ही फळी उशिरा येत नाही." मला वाटलं विनोद केला, म्हणून मी हसले.

आता 'वॉकओव्हर'सारख्या शब्दांचं सांगायला हवं. मामा कामावरून आला की कधीकधी खिशातून एक चिठ्ठी काढायचा. तिच्यावर देवनागरीत एक इंग्रजी शब्द. केकवॉक. पुशओव्हर. सिंच. डॉडल. ब्रीझ. मी शाळेची जाडी डिक्शनरी उघडायची, स्पेलिंगचा अंदाज करत पानं उलटायची आणि अर्थ सांगायचा. अर्थ दर वेळी एकच निघायचा: सोपं काम, किंवा सहज मिळालेला विजय. 'केकवॉक'ला केकचा तुकडाही मिळत नाही, 'डक सूप'मध्ये बदक नाही. एका सोप्या कामासाठी या लोकांनी एवढे शब्द का करून ठेवले असतील, याचा मी फार विचार करायची. माझं निम्मं इंग्रजी त्याच शब्दांवर झालं. वर्गात बाईंनी विचारलं, गणित कसं होतं, तर मी उठून सांगितलं, "सिंच." बाईंना तो शब्द माहीत नव्हता. त्यांना वाटलं मी उद्धटपणा करतेय, आणि मी अर्धा तास वर्गाबाहेर उभी राहिले.

अर्थ ऐकला की मामा मान हलवायचा आणि बाद झालेल्या हजेरी कार्डाच्या पाठीवर तो शब्द लिहायचा. कार्डं पत्र्याच्या डब्यात. डब्यात एक जुना टेबल टेनिसचा बॉलही होता, त्याला हात लावायची मला परवानगी नव्हती. शब्द कुठून आणतोस विचारलं तर एवढंच सांगायचा की खिडकीवर एक माणूस देतो.

तो माणूस म्हणजे डावखुरा, सगळे त्याला याच नावानं ओळखायचे. भट्टीच्या बाजूला बाटल्यांच्या मशिनवर होता. हसरा, उंच, टाचेला लोखंडी नाल मारलेले बूट घालणारा. बाटल्या गुंडाळायला परदेशातल्या रद्दी वर्तमानपत्रांचे गठ्ठे यायचे, त्यातली खेळाची पानं हा डबा खाताना वाचायचा. इंग्रजी बेताचंच, पण सामन्याच्या बातमीवरून शब्दाचा अंदाज लागायचा. मग सकाळी खिडकीशी कार्ड घेताना वाकून मामाला म्हणायचा, "आजचा नवा ऐक. पुशओव्हर." आणि नाल वाजवत निघून जायचा. नवा शब्द नसला की जुना. नऊ वर्षं, एकही सकाळ चुकली नाही.

या चिडवण्यामागची गोष्ट कारखान्यात सगळ्यांना माहीत होती, निदान तसं सगळ्यांना वाटायचं. मामा तेव्हा चोवीस वर्षांचा होता आणि तीन वर्षांपासून तात्पुरता कामगार होता. तेव्हाचे मोठे साहेब टेबल टेनिसचे वेडे. त्यांनी जाहीर केलं की या वर्षीच्या स्पर्धेत जो तात्पुरता कामगार जिंकेल त्याला टाइम ऑफिसात कायम करू. म्हणजे भट्टीची धग नाही, काचेची धूळ नाही, सावलीत टेबल-खुर्ची. अंतिम सामना मामा आणि डावखुरा यांच्यात आला, तोही तेव्हा तात्पुरताच. दोघं त्याआधी अकरा वेळा खेळले होते आणि अकराही वेळा मामा हरला होता. निकाल काय लागणार हे हॉलमधल्या खुर्च्यांनाही ठाऊक होतं.

पण त्या दिवशी डावखुरा आला नाही. त्याच्या पाळीचा बदली माणूस वेळेवर पोचला नाही आणि चालू मशिन सोडून जाता येत नाही. अंपायर होता गोदामाचा भांडारी, नियमांच्या बाबतीत अगदी काटेकोर. पंधरा मिनिटं थांबायचं, मग तीनदा विचारायचं, "समोरचा आला?" आणि मग आमच्या कारखान्याची एक खास रीत होती, साहेबांनी घालून दिलेली. साहेबांनी कुठेतरी वाचलं होतं की घोड्यांच्या शर्यतीत एकच घोडा उरला तरी त्याला मैदान चालून पुरं करावं लागायचं, तरच तो जिंकला. म्हणून इथेही हजर खेळाडूनं रिकाम्या बाजूला एक सर्व्हिस करायची. बॉल पलीकडे टप्पा घेऊन खाली पडला की वहीत विजय लिहायचा. सर्व्हिस केली नाही तर विजय नाही. मामानं सर्व्हिस केली. बॉल टप्पा घेऊन दारातून बाहेर गेला आणि जिन्यावरून टप टप खाली उतरला. मिनिटभरात डावखुरा दारात उभा, अंगात ॲप्रन, घामानं निथळत, आणि हातात तो बॉल. भांडारी वहीत लिहीत होता. डावखुऱ्यानं वहीकडे पाहिलं, मामाकडे पाहिलं, बॉल मामाच्या हातात ठेवला आणि म्हणाला, "वॉकओव्हर? छान." मग डावा हात पुढे करून अभिनंदनही केलं.

मी बारा वर्षांची असताना मशिनचा साचा अचानक मिटला आणि डावखुऱ्याचा तो डावा हात त्यात सापडला. अंगठा आणि एक बोट राहिलं. त्या दिवशी मामा घरी आला तो बूट न काढता पलंगावर बसून राहिला. मामीनं चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली. महिन्याभरानं डावखुरा बायको-मुलीला घेऊन गाव सोडून गेला. त्याचं कार्ड रद्द करायचं कामही मामाच्याच टेबलावर आलं. ते कार्ड त्यानं फाडलं नाही, डब्यात ठेवलं.

त्यानंतर चिठ्ठ्या बंद झाल्या. कानातला जिना मात्र वाढला. आता जिन्यावर कोणी नसतानाही मामा थबकायचा. आई त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी कान तपासले आणि ठणठणीत आहेत म्हणून सांगितलं.

वर्षं गेली. मी नोकरीला लागले, आई गेली, मामी गेली. मामा अडुसष्ट वर्षांचा झाला. एके दिवशी केस कापायला गेला आणि अर्धे कापून तसाच परत आला. शेजारच्या खुर्चीवर कारखान्यातला जुना फिटर भेटला होता. त्यानं सांगितलं की डावखुरा आहे अजून, चार तासांच्या अंतरावरच्या शहरात मुलीकडे राहतो, पण तब्येत काही खरी नाही. मी मामाला आधी आरसा दाखवला, एक बाजू कापलेली, एक तशीच. तो हसला नाही. खाली बसला आणि त्यानं मला ते सांगितलं.

"मी ऐकले होते त्याचे बूट," मामा म्हणाला. "सर्व्हिस करायच्या आधी."

भांडाऱ्यानं तीनदा विचारून झालं होतं. मामा बॉल तळहातावर घेऊन उभा होता. तेवढ्यात खालून नालांचा आवाज आला. हॉलमध्ये दहा-पंधरा माणसं गप्पा मारत होती, त्यांना ऐकू आला नाही. मामाला आला, कारण तो पंधरा मिनिटं दुसरं काही ऐकतच नव्हता. बूट धावत वळणापर्यंत आले, वळले. दार उघडंच होतं. बॉल किती वेळ हातात धरायचा याचा काही नियम नव्हता. नुसतं थांबायचं होतं, चार श्वास. पण तो माणूस आत आला की मामा बाराव्यांदा हरणार होता. घरी आजी अंथरुणाला खिळलेली, आई तीन वर्षांच्या मला घेऊन परत येणार होती, त्याचं स्वतःचं लग्न ठरत नव्हतं. त्यानं बॉल उडवला.

माझी शाळा, माझ्या वह्या, ती जाडी डिक्शनरीसुद्धा त्या एका सर्व्हिसवर आली होती. मला मामाचा राग आला, आणि मग तो राग कुठे ठेवावा ते कळेना. मी विचारलं की डावखुऱ्याला हे माहीत आहे का. मामा म्हणाला, तेच तर चव्वेचाळीस वर्षं कळलेलं नाही. रोज खिडकीशी येऊन तो हसायचा तो मस्करी म्हणून, की माहीत होतं म्हणून? प्रत्येक शब्दाचा अर्थ मामा मला विचारायचा तो यासाठी. त्याला वाटायचं, एखाद्या शब्दाचा अर्थ कधीतरी 'चोर' असा निघेल.

"तो जायच्या आत मला सांगायचंय त्याला," तो म्हणाला. "तू येशील का बरोबर?"

पुढच्याच रविवारी आम्ही निघालो. मामानं पत्र्याचा डबा घेतला, दोन बॅटी घेतल्या. बॅटी कशाला विचारलं तर म्हणाला, असू दे. बसमध्ये चार तास तो ओठ हलवत होता. ओळी पाठ करत होता. शेवटच्या थांब्याला त्यानं ड्रायव्हरला थांबा म्हटलं, कोणीतरी उतरायचं राहिलंय म्हणून. आमच्याशिवाय बसमध्ये कोणी नव्हतं.

डावखुऱ्याच्या मुलीचं शिवणकाम होतं, बुटांच्या एका दुकानाच्या वर. लाकडी जिना, मध्ये वळण. जिन्यापाशी मामा एवढा वेळ उभा राहिला की मला त्याचा दंड धरून न्यावं लागलं. वर लांब खोली, दोन मशिनं, मधोमध कापड बेतायचं मोठं टेबल. एक बाई मशिनवर होती, मुलगी खडूनं रेघा मारत होती. खिडकीपाशी डावखुरा बसला होता. उंच माणूस वाकला होता, काठी मांडीवर, डावा हात शालीखाली. त्यानं मामाला बघितलं आणि एका क्षणात ओळखलं.

"ये रे, वॉकओव्हर," तो म्हणाला. "फार उशीर केलास."

मामाची पाठ केलेली सगळी वाक्यं तिथेच गळाली. चहा झाला. साखर, गुडघे, डोळ्यांचं ऑपरेशन, कोण गेलं, कोण उरलं, भट्टी आता गॅसवर चालते. तासभर हे दोघं म्हातारे जगातल्या सगळ्या गोष्टींबद्दल बोलले, ती एक सोडून. माझा जीव टांगणीला लागला होता. शेवटी माझा संयम सुटला आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं, "मामा, बोल ना आता. चार तास बसमधून आलोय आपण."

मामानं कप खाली ठेवला. "त्या दिवशी मी तुझे बूट ऐकले होते," तो म्हणाला. "ऐकले आणि सर्व्हिस केली."

मशिन थांबलं. मुलीच्या हातातला खडू थांबला. डावखुरा खिडकीतून बाहेर बघत होता.

"वळणापासून दारापर्यंत नऊ पायऱ्या होत्या," तो म्हणाला. "मी चौथीवर होतो तेव्हा टप्पा ऐकला. तेव्हाच कळलं. माझ्या बुटांचा आवाज बहिऱ्यालाही आला असता."

मला गप्प बसवेना. मी विचारलं, "काका, मग तुम्ही तेव्हाच बोलला का नाहीत? तक्रार का केली नाही?"

"वहीत लिहून झालं होतं. आणि रोज सकाळी खिडकीशी तक्रारच करत होतो की. तुझ्या मामाला कळेल असं वाटलं. नऊ वर्षं वाट बघितली, एक दिवस तरी म्हणेल, हो, ऐकले होते मी." त्यानं डाव्या हातावरची शाल सारखी केली. "हात गेला तेव्हा दवाखान्यातही वाट बघितली."

मामा दवाखान्यात गेला नव्हता. हे मला त्या क्षणी कळलं आणि मला त्याची लाज वाटली. त्यानं डबा उघडला आणि कार्डं टेबलावर ठेवली. डावखुऱ्यानं ती डोळ्यांजवळ धरून एकेक वाचली. पिकनिक. सिटर. पुशओव्हर. 'डक सूप'ला त्याला हसू आलं, म्हणाला, हा मलाही कधी कळला नाही. तळाशी त्याचं स्वतःचं हजेरीचं कार्ड निघालं. ते त्यानं बराच वेळ बघितलं आणि परत ठेवलं.

"बॅट आणलीस?" त्यानं विचारलं.

मामानं पिशवीतून दोन्ही बॅटी काढल्या. डावखुऱ्यानं मुलीला सांगितलं की टेबल मोकळं कर. तिनं कापड गुंडाळलं, दोऱ्याची रिळं उभी करून त्यांवर लाकडी पट्टी आडवी ठेवली. तेच नेट. मामानं डब्यातला तो जुना बॉल घेतला. डावखुरा काठी टेकत उठला.

"मी जरा खाली जाऊन येतो," तो म्हणाला. "तू थांब."

मुलगी म्हणाली, बाबा, सहा महिन्यांत तुम्ही एकट्यानं जिना उतरला नाहीत. त्यानं तिला हातानं मागे राहायला सांगितलं. काठीचा आणि बुटांचा आवाज एकेक पायरी उतरत गेला. मामा टेबलाच्या एका टोकाला उभा राहिला, तळहातावर बॉल, दुसऱ्या हातात बॅट.

पाच मिनिटं गेली, दहा गेली. मी खिडकीतून बघितलं. डावखुरा बुटांच्या दुकानासमोर बाकावर बसला होता. दुकानदारानं त्याला वर्तमानपत्र दिलं होतं आणि तो ते आरामात वाचत होता. मध्ये एकदा त्यानं मनगटावरचं घड्याळ बघितलं. मला संताप आला. मामाचा गुडघा धरतो, त्याला उभं राहवत नाही, हे मी मुलीला मोठ्यानं सांगितलं. ती बिचारी रडवेली झाली. म्हणाली, ताई, मी तरी काय करू? दर वर्षी एक दिवस ते असेच गप्प होतात, आम्हाला कधी कारण कळलं नाही.

पंधरा मिनिटं झाली. मी म्हटलं, "मामा, पंधरा झाली. नियम झाला तुझा. चल आता."

"बॉल किती वेळ धरायचा ते नियमात लिहिलेलं नाही," मामा म्हणाला.

मी खुर्ची आणून दिली, त्यानं नको म्हटलं. अर्धा तास झाला. तो भार एका पायावरून दुसऱ्यावर टाकत होता, पण तळहात स्थिर होता. समोरच्या रिकाम्या बाजूकडे तो असा बघत होता की मीही तिकडे बघायला लागले, आणि मला तिथे ॲप्रन घातलेला, घामानं निथळणारा एक तरुण माणूस उभा आहे असं वाटायला लागलं. मला भीती वाटली. मामा रोज जिन्यात वाकून कोणाला बघायचा ते मला त्या खोलीत कळलं.

चाळीस मिनिटांनी खाली काठी वाजली. नाल नव्हते आता, रबरी तळवे होते, पण आवाज ओळखता आला. एक पायरी, थांबा. दुसरी पायरी, थांबा. वळण आलं. मामाचे ओठ हलत होते, तो मोजत होता. मीही मोजत होते, मुलगीही. एक. दोन. तीन. चार.

आवाज बंद झाला.

मशिनवरच्या बाईनं पदर तोंडाशी धरला. डावखुरा चौथ्या पायरीवर उभा होता आणि पुढे येत नव्हता. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, पण त्या वेळात मामाच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि गालावरून खाली गेलं. हात मोकळे नव्हते म्हणून त्यानं ते पुसलं नाही. बॉल तळहातावर होता.

मग पाचवी पायरी वाजली. सहावी. डावखुरा दारात आला, धापा टाकत, घाम आलेला. पलीकडच्या टोकाला गेला, काठी टेबलाला टेकवली आणि शालीतून डावा हात बाहेर काढला. अंगठा आणि एक बोट. त्यांत त्यानं बॅट पकडली आणि शालीचं टोक तिच्याभोवती आवळलं.

"समोरचा आला?" त्यानं विचारलं.

"आला," मामा म्हणाला.

मामानं सर्व्हिस केली. चव्वेचाळीस वर्षांचा बॉल टप्पा घेऊन पट्टीवरून पलीकडे गेला. डावखुऱ्यानं हात फिरवला. बॅटला लागताच बॉल तडकला, फुटक्या आवाजात उडाला, पट्टीला घासला आणि मामाच्या बाजूला येऊन पडला.

मामा तो उचलायलाही वाकला नाही. टेबलावर दोन्ही हात टेकून तो त्या फुटक्या बॉलकडे बघत राहिला.

"परत आला," तो मला म्हणाला.